जाऊबाईंचं मीटर मुकं झालं

आमच्या जाऊबाईंचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही. माणसांचं सोडाच, हातातल्या मीटरवरसुद्धा नाही. एखादी वस्तू तपासायची म्हणजे त्या आधी मीटर तपासतात, मग वस्तू तपासतात, आणि मग परत एकदा मीटर तपासतात. मी नवी नवी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, ही बाई विसराळू आहे की काय. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "मधल्या मधे मीटरच मेलं असलं तर? वीज नसली तरी शून्य दिसतं आणि मीटर बंद पडलं तरी शून्यच दिसतं. त्या शून्यावर भरवसा ठेवून हात लावला की संपलं." मला ते पटलं. मला सहसा कुणाचं काही पटत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात आम्ही तिघं: त्या, मी आणि आमचे हे. हे छापखान्यात कामाला. यंत्रांच्या घरघरीवर ओरडून ओरडून यांचा आवाज इतका जाड झालाय की हे कुजबुजले तरी शेजारी कळतं. माझं उलट. माझा आवाज बारीक आणि किनरा. शाळेत बाई म्हणायच्या, हिला कविता म्हणायला लावू नका, डोकं दुखतं. आवाज बारीक आणि राग नाकावर, असं माझं एकूण बांधकाम आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे.

बाहेरच्या खोलीत जाऊबाईंचं टेबल आहे. दाराच्या समोरच्या भिंतीला लावलेलं, त्यामुळे बसलं की पाठ रस्त्याकडे येते. उजेड पाठीमागून, दारातून. कुणी दारात उभं राहिलं की त्याची सावली सरळ टेबलावर पडते, आणि जाऊबाई मान वर न करता म्हणतात, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय. लोक इस्त्री आणतात, मिक्सर आणतात, रेडिओ, चार्जर, शिलाई मशीनची मोटर, काय वाट्टेल ते आणतात. जाऊबाई दुरुस्तीपेक्षा तपासणीत जास्त रमतात. बिघाड कुठे आहे ते सापडलं की पुढची दुरुस्ती म्हणजे नुसती हमाली, असं त्यांचं म्हणणं. बिघाड सापडेपर्यंत मात्र त्यांना जेवण आठवत नाही. गल्लीत त्यांना सगळे मीटरबाई म्हणतात.

हे सगळं त्या रेडिओच्या कारखान्यात शिकल्या. बावीस वर्षं रांगेतल्या शेवटच्या बाकावर. पुढच्या बायका रेडिओच्या पट्टीवर सुटे भाग बसवायच्या, आणि जाऊबाई मीटरच्या दोन सुया, एक लाल, एक काळी, त्या पट्टीवर टेकवून बघायच्या की वाट जोडलेली आहे की तुटलेली. जोडलेली असली की मीटर "पीं" करतं. तुटलेली असली की गप्प. रांग पळत असायची, तेव्हा मीटरच्या आकड्याकडे बघायला वेळ नसायचा. शिवाय आकडा बघायला मान वळवली की सुईचं टोक घसरतं, दोन भागांना एकदम चिकटतं, आणि चांगली वस्तू आपल्या हातानं जळते. म्हणून तिथे एकच शिकवण होती: डोळे सुयांच्या टोकांवर, कान मीटरवर. ही शिकवण जाऊबाईंच्या हाडात गेलेली आहे.

त्यांच्या शेजारच्या बाकावरची एक बाई एकदा घाईत चुकली होती. मीटरला लाल वायरसाठी दोन भोकं असतात, एक नेहमीचं आणि एक करंट मोजायचं. करंट मोजून झाल्यावर तिनं लाल वायर परत नेहमीच्या भोकात घातली नाही आणि तशीच चालू लाईनवर टेकवली. त्या भोकात वायर असली की मीटर म्हणजे निव्वळ तारेचा तुकडा. असा जाळ झाला की बाईच्या दोन्ही भुवया गेल्या. डोळे वाचले हे नशीब. तेव्हापासून जाऊबाई प्रत्येक मापानंतर लाल वायर काढून घरी लावतात आणि तोंडानं म्हणतात, "लाल घरी." आमचे हे त्यांना चिडवतात की वहिनी, लाल घरी आली का, जेवायला वाढू का.

कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी मीटर घरी आणलं आणि शिस्तही आणली. वस्तू उघडायच्या आधी तिचा प्लग काढून समोरच्या खुंटीला टांगायचा. प्लग डोळ्यांसमोर लटकत असला म्हणजे चुकून कुणी लावला की काय ही शंकाच नको. मग कपॅसिटर. तो डबीसारखा भाग प्लग काढल्यावरही पोटात वीज धरून बसतो. त्याला आधी वीज अडवणाऱ्या एका रेझिस्टरमधून हळूहळू रिकामा करायचा, वर मोजून बघायचं की खरंच रिकामा झाला का. आणि चालू लाईन मोजायची वेळ आलीच तर काळी वायर चिमट्यानं अडकवून ठेवायची, लाल एका हातात आणि दुसरा हात पाठीमागे. दोन्ही हात गुंतले की विजेला छातीतून जायला रस्ता मिळतो. त्या असा एक हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या की शाळेच्या मुख्याध्यापिका वाटतात. मी हे सगळं वीस वर्षं बघतेय. मला कुणी शिकवलं नाही, पण डोळे काय मिटून घेणार होते?

आता भांडणाचं सांगते. भांडण म्हणजे खरं तर भांडण झालंच नाही, अबोला झाला, आणि भांडणापेक्षा अबोला वाईट. भांडणात निदान समोरच्याचं ऐकावं लागतं.

वर्षभर माझ्या लक्षात येत होतं की जाऊबाई मला उत्तर देत नाहीत. समोर बसून बोललं की ठीक. पण स्वयंपाकघरातून हाक मारली, ताई चहा झालाय, तर ढिम्म. दुसऱ्यांदा मारली, ढिम्म. किटली शेगडीवर शिटी वाजवून बोंबलतेय, या शेजारच्या खोलीत बसून फ्यूज तपासतायत, उठून बंद करणार नाहीत. आणि आमचे हे दारातून नुसतं "वहिनी" म्हणाले की लगेच, काय भाऊजी? पोस्टमनला उत्तर, भंगारवाल्याला उत्तर, एक मीच तेवढी नकोशी. मी मनात एकेक गोष्ट साठवत गेले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुझा आपला काहीतरी समज. म्हटलं, हो, माझेच समज, बाकी सगळे शहाणे.

मग मला एक गाठ निघाली. डाव्या बाजूला, छातीत. तपासायला तुकडा काढून पाठवला आणि दहा दिवस थांबायला सांगितलं. ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जाऊबाई रोज विचारायच्या, आला का रिपोर्ट. अकराव्या दिवशी दुपारी मी एकटीच जाऊन रिपोर्ट आणला. काही नव्हतं. साधी गाठ. रस्त्यानं मी धावतच आले आणि दारात उभी राहून म्हटलं, "ताई, काही नाही निघालं. सुटले मी." त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या, दोन्ही हातांत सुया. वळल्या नाहीत. मी परत म्हटलं. तरी वळल्या नाहीत. धावून दम लागला होता, त्यामुळे आवाज आणखीच बारीक निघाला असेल, पण निघाला होता. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि आत निघून गेले. आत जाऊन रडले आणि ठरवलं, आजपासून या बाईशी एक शब्द बोलायचा नाही.

मी ठरवलं की ठरवलं. आठ महिने. एका घरात, एका ओट्यावर, तोंडात गुळणी धरून. चहा करायचे, कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे आणि चालू पडायचे. त्यांनीही कारण विचारलं नाही. पहिले काही दिवस माझ्याकडे बघायच्या, मग त्यांनीही बघणं सोडलं. मध्ये बिचारे आमचे हे. हिला सांगा मीठ संपलंय, त्यांना सांगा दूध आलंय, असा निरोप्या करून टाकला होता त्यांचा.

अबोल्याच्या सातव्या महिन्यात टेबलावर विचित्र प्रकार सुरू झाले. शिलाईवाल्या बाई आपल्या मशीनची मोटर घेऊन आल्या. जाऊबाईंनी आधी बॅटरीवर मीटर तपासलं, आकडा बरोबर आला; मग फ्यूज तपासला, मीटर वाजलं नाही, म्हणजे फ्यूज गेला. पाकिटातला नवा घेतला, तोही वाजला नाही. दुसरा, तिसरा, अख्खं पाकीट मुकं. जाऊबाई ते पाकीट घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेल्या आणि सगळा माल खराब आहे म्हणून परत करून आल्या. दोन दिवसांनी दुकानदार स्वतः आला. त्याचा आवाज भला दणदणीत. त्यानं सांगितलं की त्यानं एकेक फ्यूज मोजला आणि एकही खराब नाही. जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्या कधी चुकत नाहीत असं नाही, पण फ्यूजमध्ये चुकणं म्हणजे धोब्यानं पांढरं आणि काळं ओळखू नये तसं.

तो गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच सुया एकमेकींना टेकवून मान वळवली आणि आकडा पाहिला. आकडा म्हणत होता जोडलंय. मीटर मात्र गप्प. दोन्हींचं जुळेना. ज्या मीटरचं तोंड एक सांगतं आणि डोळे दुसरंच, ते मीटर चालू लाईनवर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी ते कारखान्यातलं जुनं मीटर पुसलं, पिशवीत घातलं आणि कपाटात ठेवलं. नवं आणलं. नव्याचंही तेच. आकडा जोडलेलं दाखवी, आवाज नाही. नवं परत करायला गेल्या तेव्हा दुकानदार ते परत न घेता हसून म्हणाला म्हणे, "मीटरबाई, दोन दोन मीटरं कशी बिघडतील? बिघडलं ते मीटर की हात?" हे त्यांनी संध्याकाळी यांना सांगितलं. मी आत पोळपाट धूत होते, सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चादर पडली. दाराला पुठ्ठा लागला: दुरुस्तीचं काम बंद आहे. यांनी कारण विचारलं तर म्हणाल्या की आपल्याला आता काय जोडलंय आणि काय तुटलंय ते कळेनासं झालंय, आणि ज्याला हे कळत नाही त्यानं लोकांच्या घरची विजेची वस्तू हातात घेऊ नये. कुणाच्या तरी जिवावर बेतेल. दोन्ही मीटरं तांत्रिक शाळेला द्यायची त्यांनी ठरवली. शनिवारी शाळेचा माणूस येणार होता. तो सोमवार होता.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. जाऊबाई रिकाम्या बसल्या. खिडकीतून बघत बसल्या. जेवायला वेळेवर येऊ लागल्या, हेच मला भयंकर वाटलं. ज्या बाईला एखादा बिघाड सापडेपर्यंत भूक लागत नाही, ती बाई बाराच्या ठोक्याला ताट घेऊन बसते? दीर गेले तेव्हा या टेबलानं त्यांना उभं केलं होतं. ते टेबल गेलं तर त्यांचं काय उरणार? पण आठ महिन्यांचा अबोला. तोंड कुठून उघडायचं?

शिवाय मला एक खोड आहे. कोडं अर्धवट राहिलं की मला चैन पडत नाही. मी भांडी घासता घासता विचार करत राहिले. व्होल्ट मोजताना त्या एकदाही चुकलेल्या नव्हत्या. बॅटरी मोजली, बरोबर. चालू लाईन मोजली, बरोबर. चूक फक्त फ्यूज, वायर, बटण, म्हणजे जिथे मीटरनं "पीं" करायचं तिथेच. व्होल्टचा आकडा बघावा लागतो. फ्यूजचा आवाज ऐकावा लागतो. मग दोन्ही मीटरांचं नेमकं तोंडच कसं गेलं?

गुरुवारी दुपारी जाऊबाई औषधं आणायला गेल्या. मी चादर उचलली आणि टेबलाशी बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा. कुणाच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटत होतं. पण शिस्त मला पाठ होती. लाल वायर नेहमीच्या भोकात आहे का ते बघितलं. आहे, लाल घरी. मशीनच्या मोटरचा प्लग खुंटीला लटकतोय. चकती आवाजाच्या खुणेवर फिरवली, सुया एकमेकींना टेकवल्या.

"पीं."

चांगलं खणखणीत वाजलं. मी दचकून सुया सोडल्या. परत टेकवल्या, परत वाजलं. फ्यूज घेतला, वाजला. दुसरा, वाजला. कपाटातलं जुनं मीटर काढलं, तेही वाजलं. दोन्ही मीटरं ठणठणीत. म्हणजे बिघाड टेबलावर नव्हताच.

मी सुया धरून तशीच बसले होते, मीटर ओरडत होतं, आणि टेबलावर सावली पडली. जाऊबाई आल्या होत्या. मी चोरी पकडली गेल्यासारखी थिजले. सुया सोडायचंही सुचेना, मीटर पीं पीं करतच राहिलं. त्यांनी चपला काढल्या, माझ्याकडे एकदा बघितलं, काही न बोलता आत गेल्या. त्यात नवल नाही, अबोलाच होता. पण मीटरकडे? महिनाभर ज्या आवाजासाठी ही बाई झुरत होती तो आवाज खोली भरून वाजतोय, आणि ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही?

मी मीटर उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. त्या पाठमोऱ्या पाणी पीत होत्या. मी सुया टेकवल्या. पीं. पेला खाली ठेवून त्यांनी ओटा पुसायला घेतला. मी सोडल्या, परत टेकवल्या. दोन हातांच्या अंतरावर उभी राहून वाजवत होते. मान वळली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात शंका आली. पण मी जाऊबाईंच्या तालमीत वाढलेली. एका शून्यावर भरवसा ठेवायचा नाही. आधी खात्रीची वस्तू, मग शंकेची, मग परत खात्रीची. खात्रीचा आवाज या घरात एकच. मी हनुवटी गळ्यात रुतवली, पोटातून जितका जाड काढता येईल तितका आवाज काढला आणि यांच्यासारखं म्हटलं, "वहिनी."

"काय भाऊजी, आज लवकर?" म्हणत जाऊबाई वळल्या. दारात भाऊजी नव्हते. मी होते, हातात मीटर घेऊन.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मला खूण करावी लागली की परत तोंड फिरवा. का कोण जाणे, त्यांनी ऐकलं, फिरवलं. मी माझ्या आवाजात म्हटलं, "ताई." आठ महिन्यांनी पहिल्यांदा. काही नाही. परत म्हटलं, जरा मोठ्यानं. काही नाही. मग पुन्हा जाड आवाजात, "वहिनी." खांदे हलले.

मी तिथेच खाली बसले. किटली, चहा, हाका, सगळं एकदम डोक्यात येऊन आदळलं. रिपोर्टचा दिवस आठवला आणि मला माझीच लाज वाटली.

त्यांना समोर बसवून सांगितलं, तोंडासमोर तोंड धरून, जाड आवाजात. त्या आधी रागावल्या. मला रेडिओ ऐकू येतो, भाऊजी ऐकू येतात, दुकानदाराचे टोमणे ऐकू येतात, कान कसले बिघडलेत? मी म्हटलं, जाड ते ऐकू येतं, बारीक ते नाही. मी बारीक आणि मीटर बारीक; समोरून बोलले की ओठ बघून तुम्हाला कळतं. त्या म्हणाल्या, मोजल्याशिवाय मान्य नाही. भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मला सांगितलं, मनाला येईल तेव्हा वाजव, ऐकू आलं की मी हात वर करीन. मी दहादा वाजवलं. हात एकदा वर झाला, तोही मी वाजवत नसताना. निकाल सांगायला नको वाटत होता, पण खोटं सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांनी ते परत मोजलं असतं.

"म्हणजे मीटर बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी मीटर तपासलं, वस्तू तपासली, परत मीटर तपासलं. ऐकणारीला तपासायचं राहिलं." आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा चेहरा उजळला. बिघाड सापडला होता. त्यांना त्या घटकेला तो बिघाड आपल्याच कानांत आहे याचं दुःख नव्हतं, तो सापडला याचाच आनंद होता. अशी बाई आहे ती.

कानाच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. डॉक्टरांनी कानावर टोपणं लावून आवाज ऐकवायला घेतले, तर जाऊबाईंनी आधी विचारलं, तुमचं यंत्र आज तपासलंत का? डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी टोपण स्वतःच्या कानाला लावून दाखवलं, मग बाई बसल्या. कागदावर रेघ आली. जाड आवाजांपाशी सरळ, बारीक आवाजांकडे जाता जाता खाली घसरलेली. वयानं होतं, कारखान्यानंही केलं असेल, म्हणाले. कानात घालायचं यंत्र मिळेल, पण यायला तीन आठवडे लागतील.

तांत्रिक शाळेच्या माणसाला शनिवारी चहा पाजून रिकामा परत पाठवला. पुठ्ठा मी स्वतः काढला. पण तीन आठवडे टेबल बंद कसं ठेवायचं? मीटर उघडून त्याचा आवाज जाड करता येईल का असं मी विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, सुरक्षेची वस्तू आहे, तिच्या पोटात हात घालायचा नाही. मग मीच स्टूल घेऊन शेजारी बसले. त्यांचे डोळे सुयांच्या टोकांवर, माझे कान मीटरवर. त्या टेकवतात, मीटर वाजतं, मी यांच्या आवाजात सांगते, "वाजलं." नाही वाजलं की "गप्प." हे म्हणतात, घरात आता दोन पुरुष झालेत.

पहिल्या दिवशी आम्ही ती शिलाई मशीनचीच मोटर घेतली. प्लग खुंटीला. मीटर तपासलं. फ्यूज, वाजलं. बटण, वाजलं. वायरची एक बाजू, वाजलं. दुसरी बाजू, गप्प. जाऊबाईंनी परत टेकवली. गप्प. मीटर परत तपासलं, वाजलं. म्हणजे वायर आतून तुटली होती, फ्यूजचा काही संबंधच नव्हता. त्यांनी समाधानानं मान हलवली, लाल घरी म्हणाल्या, आणि वायरचा तुटका भाग कापायला घेतला.

कापता कापता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "रिपोर्ट आणलास त्या दिवशी तू दारात काही बोलली होतीस का?"

मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत झाली नव्हती. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"सावली पडली होती टेबलावर. तुझी. मी ओळखली. हातात सुया होत्या तरी टेकवल्या नाहीत, तशीच थांबले. म्हटलं, आता ही सांगेल. वळायचा धीर होईना, वाईट असलं तर तुझ्या तोंडाकडे कसं बघू. आणि मग सावली निघून गेली." पकड त्यांच्या हातात थांबली होती. "रात्री भाऊजींनी सांगितलं की सगळं चांगलं आहे. मला वाटलं, मी इतकी परकी झाले की हिला मला सांगावंसंसुद्धा वाटलं नाही. म्हणून मग मीही काही विचारलं नाही."

मी स्टुलावरून उठले आणि दाराकडे गेले. बाहेर ऊन होतं. उंबऱ्यात उभी राहिले, माझी सावली टेबलावर पडली, त्यांच्या हातांवर पडली. त्यांनी सुया उचलून तशाच हवेत धरल्या आणि थांबल्या.

मी पोटातून आवाज काढला. मध्येच तो फुटला आणि बारीक झाला, तर घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "ताई, काही नाही निघालं. सुटले मी."

जाऊबाईंनी सुया खाली ठेवल्या आणि वळल्या.

"बरं झालं गं बाई," त्या म्हणाल्या. "ये, आत ये. उजेड अडतोय."